नौकावास व परदेशी रहिवास

शिडाच्या अथवा यंत्राच्या खासगी नौकेवरच घर करून बंदरामागून बंदर फिरत राहण्याच्या रीतीस नौकावास म्हणता येईल. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे या लोकांचे पाण्यावर. अशा माणसाला परक्या देशात कायद्याने किती काळ व कोणत्या नात्याने राहता येते, एवढ्यापुरती ही नोंद आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकातला मानला जाणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याचे सांगतो. आजही इथल्या माणसाची सगळी कागदपत्रे जमिनीची असतात, आणि पुढची अडचण तिथूनच सुरू होते.

नौका ही भूमी आहे काय? या प्रश्नावर बराच वाद झाला आहे. नौका म्हणजे ध्वजराष्ट्राच्या, म्हणजे जिथे ती नोंदली आहे त्या देशाच्या, भूमीचा तरंगता तुकडा, असे एक जुने मत आहे. 1926 साली ‘लोटस’ ही फ्रेंच आगबोट व ‘बोझ-कुर्त’ ही तुर्की नौका यांची टक्कर होऊन आठ तुर्की माणसे दगावली. 1927 च्या निकालात तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खुल्या समुद्रावरील नौकेला राष्ट्रभूमीसारखे मानले आणि फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालवण्याचा तुर्कस्तानचा अधिकार मान्य केला. पुढे 1938 मध्ये प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश साम्राज्याच्या अपील न्यायालयाने, लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालपत्रात, तरंगत्या भूमीची ही कल्पना नाकारली. 1982 च्या सागरी कायदा कराराने टकरीच्या प्रकरणांत लोटसचा नियम बाजूला ठेवला व नौकेला भूमी न म्हणता ‘राष्ट्रीयत्व’ दिले. हे दुसरे मतच आजच्या व्यवहाराशी जुळते. त्याचा अर्थ असा, की ध्वजामुळे नौकेला राष्ट्र मिळते, पण मालकाला रहिवास मिळत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत किनारी राष्ट्राची सत्ता चालते. म्हणून बंदरात शिरताना नौका पिवळा ध्वज चढवते, आणि प्रवेशाची अधिकृत नोंद झाल्यावरच तो उतरतो.

त्या नोंदीपासून दोन घड्याळे सुरू होतात, एक माणसाचे व एक नौकेचे; ती एकमेकांत मिसळू नयेत. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट-तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, भारतीय पासपोर्टधारकाला अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. युरोपीय संघाबाहेर नोंदलेल्या नौकेला मात्र, मालकही बाहेरचा रहिवासी असेल तर, जकात व मूल्यवर्धित कराविना 18 महिन्यांची मुभा असते. क्रोएशिया 2023 मध्ये शेंगेनमध्ये आल्यापासून तिथले दिवसही याच 90 दिवसांत धरले जातात. माणसाने युरोपात रहिवास घेतला की नौकेची सवलत संपते. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर मूल्यवर्धित कर 23 टक्के आहे. स्थलांतर करणाऱ्याला घरसामानासोबत नौकाही करमुक्त नेता येते, परंतु त्यासाठी आधीचे किमान 12 महिने संघाबाहेरचे वास्तव्य आणि 6 महिन्यांची मालकी व वापर दाखवावा लागतो. या अटी हुकल्या की पैसे बुडालेच, म्हणून रहिवास परवान्याचा अर्ज करण्याआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

दीर्घ वास्तव्याच्या वाटांपैकी पोर्तुगालचा डी-7 व्हिसा पेन्शन, भाडे अशा बसल्या उत्पन्नावर मिळतो. पहिला परवाना दोन वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग 6 किंवा तुटक मिळून 8 महिन्यांहून जास्त काळ सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिल्यास तो धोक्यात येतो, आणि समुद्रावर हिंडणाऱ्याला हीच अट जाचते. पनामाच्या निवृत्तिवेतन व्हिसाला दरमहा 1,000 डॉलर आजीव पेन्शन लागते. थायलंडमध्ये वय 50 व बँकेत 8 लाख बाथ, ही रूढ अट आहे. मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना 2002 पासून चालू असून तिचे निकष अनेकदा बदलले आहेत. पोर्तुगालसारख्या देशांना जमिनीवरचा पत्ताही लागतो. मरिनातल्या, म्हणजे खासगी नौकांच्या बंदरातल्या, जागेचा करार पत्ता म्हणून धरायचा की नाही, हे पुष्कळदा त्या त्या कचेरीवर अवलंबून राहते.

मराठवाड्यातल्या अर्जदाराचे घोडे बहुधा उत्पन्नाच्या पुराव्यावर अडते. शेत ठोक्याने दिलेले असते, पाडव्याला रक्कम रोखीने हातात पडते आणि पासबुकात तिची नोंद नसते. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव, पासपोर्टवर आडनाव निराळे, विवाहित स्त्रीचे एक नाव माहेरचे नि एक सासरचे. फेरफार, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद व अधिकृत भाषांतर हे सगळे आधी उरकावे लागते. पोर्तुगाल, स्पेन व पनामा यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, पुरते, कारण भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

परदेशी रहिवास घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले तर 1955 च्या कायद्याप्रमाणे ते जाते. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरलेल्याला भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वडिलोपार्जित किंवा आधी घेतलेली जमीन त्याच्याकडेच राहते.