लो-एंड टॉर्क : चढ्या आरपीएमच्या बिनटर्बो स्पोर्ट्‌स कारमधील

इंजिन मिनिटाला हजार ते साडेतीन हजार फेरे (आरपीएम) घेत असताना क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, जो पीळ मिळतो, त्याला मोटारीच्या दुनियेत ढोबळमानाने लो-एंड टॉर्क म्हणतात. सिग्नल सुटल्यावर गाडी निघते ती याच्या जोरावर, आणि गिअर न बदलता चढ चढते तीही याच्याच. आठ-नऊ हजार आरपीएमपर्यंत धावणाऱ्या नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे टर्बो वा सुपरचार्जर (हवा दाबून आत कोंबणारी यंत्रे) नसलेल्या, स्पोर्ट्‌स कारवर हा टॉर्क तोकडा असल्याचा ठपका कायम असतो. होंडा एस२०००, टोयोटा जीटी८६ व तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड, माझदा आरएक्स-८ ही त्यातली नेहमीची नावे. तक्रार खरी आहे. पण दोष चढ्या आरपीएमच्या माथी मारला जातो आणि इंजिनाचा आकार नामानिराळा राहतो.

शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. टॉर्कच्या न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९,५४९ने भागले की किलोवॉट मिळतात. त्यामुळे २०० न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमला सुमारे ६३ किलोवॉट देतो, आणि तोच ८,००० आरपीएमला १६८. बिनटर्बो इंजिनात हवा आत ढकलणारा दाब वातावरणाचाच असतो. म्हणून सिलिंडरमध्ये किती हवा मावेल आणि पर्यायाने किती इंधन जळेल, याला मर्यादा पडते. उत्तम इंजिनातही आकाराच्या एका लिटरमागे साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरच निघतात. एस२०००चे १,९९७ घन सेंटिमीटरचे इंजिन जपानी आवृत्तीत २१८ न्यूटन-मीटर देते, म्हणजे लिटरमागे १०९. फेरारी ४५८ इटालियाचे ४,४९७ घन सेंटिमीटरचे इंजिन ५४० देते, म्हणजे लिटरमागे १२०. दोन्ही गाड्या ९,००० आरपीएमच्या घरातल्या. तरीही फेरारीला पिकअप नाही असे कुणी म्हणत नाही, कारण तिचे इंजिन दुपटीहून मोठे आहे. दोन लिटरांतून अडीचशे अश्वशक्ती काढायच्या आणि टर्बो बसवायचा नाही, तर फेरे वाढवण्यावाचून अभियंत्यापुढे पर्याय उरत नाही.

मात्र फेरे वाढवण्याची किंमत कमी आरपीएमला मोजावी लागतेच. पिस्टन तळाला पोहोचून परत वर निघाला, तरी चढ्या आरपीएमचे इंजिन हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवते. आठ हजार फेऱ्यांना आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की वर येणाऱ्या पिस्टनलाही न जुमानता ती आत घुसत राहते आणि सिलिंडर ठासून भरतो. दोन हजारांना हवेत तेवढा जोर नसतो. आलेल्या हवेतली काही उलट बाहेर ढकलली जाते. इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे राहतात, तेव्हाही तसेच होते. चढ्या फेऱ्यांना बाहेर पडणारा धूर ताज्या हवेला ओढून घेतो, कमी फेऱ्यांना तो स्वतःच मागे फिरतो. त्यात इनटेकच्या नळ्यांची भर. हवेतल्या दाबाच्या लाटांचा फायदा लांब नळ्यांत कमी आरपीएमला मिळतो, आखूड नळ्यांत चढ्या आरपीएमला.

होंडाच्या व्हीटेकचा जन्म याच पेचातून झाला. इकुओ काजितानी यांच्या हातून घडलेली ही योजना १९८९ साली इंटिग्रा गाडीत आली आणि १.६ लिटरच्या इंजिनाने १६० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) दिले. कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी तीन उंचवटे (कॅम) असतात. बाजूचे दोन सौम्य, मधला आक्रमक. ठरलेल्या आरपीएमला तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्ह मधल्या उंचवट्याच्या तालावर उघडू लागतात. नाव गाजले ते वरच्या टप्प्यातल्या त्या अचानक येणाऱ्या उसळीमुळे, पण आक्रमक कॅम घडवणे रेसिंगवाल्यांना केव्हाचेच जमत होते. खरी कमाई सौम्य कॅमची: तो नसता तर हे इंजिन रहदारीत चालवणे नकोसे झाले असते. भारतात हे नाव घरोघरी पोचले ते होंडा सिटीमुळे, पण तिचे इंजिन बरेच साधे होते.

एस२००० ही या तडजोडीची सर्वांत स्वच्छ नोंद. होंडाच्या पन्नाशीनिमित्त १९९९ साली आलेल्या या गाडीची धुरा शिगेरू उएहारा यांच्याकडे होती. जपानी आवृत्तीत ८,३०० आरपीएमला २५० पीएस. टॉर्कचे शिखर थेट ७,५०० आरपीएमला. व्हीटेकचा कॅम बदलतो तो सहा हजारांच्या आसपास. म्हणजे गाडीची खरी धार हवी असेल, तर जिथे इतर गाड्यांचे इंजिन संपते तिथून पुढे चालवावे लागते. अमेरिकेतल्या ग्राहकांची कुरकुर होती ती याचीच. २००४च्या मॉडेलपासून तिथे पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली जाण्याचे अंतर, ८४वरून ९०.७ मिलिमीटर झाला आणि इंजिन २.२ लिटरचे झाले. टॉर्क सुमारे २०७वरून २२० न्यूटन-मीटरवर गेला आणि त्याचे शिखर खाली उतरले, पण फेऱ्यांची मर्यादाही नऊ हजारांच्या घरातून ८,२००च्या आसपास आली. याचे गणित सरळ आहे. ८४ मिलिमीटर स्ट्रोकला ९,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर पडतो, तर ९०.७ मिलिमीटरला ८,२०० फेऱ्यांवर २४.८. धातूची सहनशक्ती तीच, फक्त खर्च वेगळ्या ठिकाणी. शौकीन मंडळींत यावर अजून दोन तट आहेत.

गाडीला ढकलतो तो चाकावरचा टॉर्क, आणि तो गिअर ठरवतात. ३०० न्यूटन-मीटर देऊन ६,०००ला थांबणारे एक इंजिन आणि २०० देऊन ९,०००पर्यंत जाणारे दुसरे, अशी दोन इंजिने घ्या. दुसऱ्याला दीडपट आखूड गिअर दिले, तर त्याच वेगाला दोघांचा चाकावरचा जोर सारखाच भरतो. म्हणूनच अशा गाड्यांचे गिअर आखूड आणि एकमेकांना चिकटून असतात. एस२००० ताशी १०० किलोमीटरला सहाव्या गिअरमध्येही तीन हजारांच्या वर फिरते. कागदावर प्रश्न इथे मिटतो, रस्त्यावर मिटत नाही. चालकाला योग्य गिअरमध्ये राहावे लागते, ओव्हरटेक करताना दोन गिअर खाली यावे लागते, आणि फ्लायव्हील (इंजिनाचे फेरे टिकवणारे जड चाक) हलके असल्याने क्लच सोडताना इंजिन पटकन बंद पडते. कामावरून थकून परतणाऱ्याला हा रियाझ नको वाटला, तर त्यात अरसिकता नाही.

जीटी८६ आणि बीआरझेडचे दुखणे जरा वेगळे. २०१२ साली आलेल्या या गाड्यांच्या दोन लिटर इंजिनात टॉर्कचा आलेख सुमारे साडेतीन ते साडेचार हजार आरपीएममध्ये खचतो, म्हणजे नेमका जिथे माणूस रोज गाडी चालवतो तिथे. एक्झॉस्टचा हेडर (इंजिनातून धूर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बदलून हा खड्डा भरण्याचा धंदाच उभा राहिला. कंपनीने अमेरिकेत २०१७च्या मॅन्युअल गाड्यांना फायनल ड्राइव्ह (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचे गुणोत्तर) ४.१ऐवजी ४.३ दिला, म्हणजे औषध गिअरचेच. २०२१च्या नव्या पिढीत मात्र इंजिन थेट २.४ लिटरचे केले. २५० न्यूटन-मीटरचे शिखर ३,७०० आरपीएमला मिळाले आणि तक्रार जवळजवळ थांबली. आकाराचा मुद्दा याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

इनटेकच्या नळ्यांवर सर्वांत धाडसी प्रयोग माझदाने केला. १९९१ची ल मान्स शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी या रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) गाडीत नळ्यांची लांबी फेऱ्यांनुसार चालत्या गाडीत कमीजास्त होत असे. पोर्शच्या व्हॅरिओरॅम या इनटेक योजनेत तोच विचार रस्त्यावरच्या ९११साठी वापरला गेला.

पुढे टर्बोने हा वादच मोडीत काढला. २०१४च्या बीएमडब्ल्यू एम३मध्ये १,८५० आरपीएमलाच ५५० न्यूटन-मीटर मिळू लागले; तिच्या आधीच्या व्ही८ एम३कडे ३,९००ला ४०० होते. ४५८ची जागा २०१५ साली टर्बोच्या ४८८ने घेतली. तिचा कमाल टॉर्क ३,००० आरपीएमला ७६० न्यूटन-मीटर, पण तो पूर्ण मिळतो फक्त सातव्या गिअरमध्ये. खालच्या गिअरमध्ये फेरारीने तो मुद्दाम आवळून धरला आहे, म्हणजे फेरे वाढतील तसा जोर चढत जावा.