मराठवाड्याची माती समुद्राच्या तळाशी कशी बसते?

परभणी-नांदेडच्या काळ्या रानातून वाहून गेलेला चिकणमातीचा एक कण घ्या. आकार 2 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. स्थिर पाण्यात तो एकटा बुडू लागला तर 1 किलोमीटर खाली जायला त्याला जवळपास 9 वर्षं लागतील. 0.1 मिलिमीटरची बारीक वाळू तेवढंच अंतर दीड-दोन दिवसांत कापते. या हिशेबानं चिकणमाती किनाऱ्याजवळ साचायलाच नको, प्रवाह तिला कुठल्या कुठे नेतील. तरी गोदावरीच्या मुखाबाहेर बंगालच्या उपसागरात तिचे जाड थर आहेत.

याचं कारण मीठ. गोड्या पाण्यात हे कण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यात ते ढकलणं कमी पडतं, कण चिकटून पुंजके होतात आणि पुंजके लवकर बुडतात. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जास्त. उन्हाळ्यात रानाला भेगा पाडणारं खनिज तेच. त्याचे पुंजके खारेपणा वाढेल तसे हळूहळू होतात, म्हणून ते इतर चिकणमातीपेक्षा जरा दूरवर जातं. उरलेलं काम पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी करतात: ते गाळ गिळतात, आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या दिवसाला शंभर मीटरच्या आसपास खाली जातात.

पण तळाला पोचला म्हणजे गाळ बसला, असं समजू नका. किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीचा उतार जेमतेम 0.1 अंश असतो. वाळू तिथेच अडते, चिखल मात्र वादळी लाटांनी पुन्हा उठतो आणि पुढे सरकतो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. तेव्हा ही जमीन उघडी पडली होती आणि नद्या गाळ थेट तिच्या कडेवर नेऊन टाकत होत्या.

कडेपलीकडच्या खंडान्त उताराचा कल 3-4 अंशांचा. आपल्याला हा उतार किरकोळ वाटेल, पण ताज्या चिखलात आकारमानानं 70-80 टक्के पाणीच असतं. वरून भर पटापट पडली की आतलं पाणी निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते. मग एखादा भूकंप पुरतो. 18 नोव्हेंबर 1929 ला न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला आणि पुढच्या 13 तासांत समुद्रतळाच्या 12 तारायंत्र-केबल तुटल्या. उताराखालच्या केबल वरून खाली ओळीनं तुटत गेल्या. त्या वेळांवरून पुढे 1952 मध्ये कळलं की या केबल गढूळ पाण्याच्या लोंढ्यानं तोडल्या होत्या. असा लोंढा थांबला की आधी वाळू बसते, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. एक अख्खा थर काही तासांत ते दिवसांत तयार! त्याच्या वरचा, संथपणे साचलेला तेवढाच जाड थर मात्र हजार वर्षांचा असू शकतो.

म्हणून गाळाचा गाभा, म्हणजे तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा नमुना, वाचताना नुसती जाडी मोजून चालत नाही. आणखी अडचणी आहेत. जड नळी तळात घुसताना सगळ्यात वरचा पातळ चिखल बाजूला ढकलते, म्हणून तो वेगळ्या यंत्रानं अलगद घ्यावा लागतो. वरचे साधारण 10 सेंटिमीटर किडे उकरून कालवतात. शिंपल्यांवरून कार्बन-14 चं वय काढलं तर ते सुमारे 400 वर्षं जास्त येतं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बनच जुना असतो.

इतकं सांभाळलं की गाळ बोलतो. गोदावरीच्या मुखाबाहेर 1,268 मीटर खोलीवरून काढलेल्या एका गाभ्यात गेल्या सुमारे 11,000 वर्षांचा गाळ आहे. दख्खनचा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, तर नदीच्या खालच्या टापूतले खडक कितीतरी जुने. दोन्हींत निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगळं असतं. त्यावरून दिसलं की गेल्या काही हजार वर्षांत, हवामान कोरडं होत गेलं तसा, दख्खनच्या मातीचा वाटा वाढला.

आता आवकच घटली आहे. राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन तरंगता गाळ यायचा, 1990 च्या दशकात तो 6 कोटींच्याही खाली आला. बाकीचा धरणांत अडतो, जायकवाडीसुद्धा त्यातलंच एक. तिथेही छाननी समुद्रासारखीच होते: वाळू नदी जलाशयात शिरते त्या टोकाला बसते, बारीक गाळ भिंतीकडे. रानात टाकायला गाळ उचलायचा असेल तर वरच्या टोकाची वाळूमिश्रित खेप टाळा. ती पाणी धरत नाही.