धाब्यावरचा वारा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेला कडेनं शेवरी का लावतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उन्हाळी वारा सुटला की पानं कडेपासून मधल्या दांड्यापर्यंत फाटतात, चिंध्या लोंबतात. वारा कधीच एकसारखा वाहत नाही, हिसके देतो. याच खळबळीला टर्ब्युलन्स म्हणतात. १८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं, की पाण्याचा वेग वाढवत नेला तर सरळ धार एकाएकी विस्कटते.

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या उंच पवनचक्क्यांना मोकळा वारा मिळतो. धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या सपाट छपरावरच्या, छोट्या पवनचक्कीला मात्र घरांना, झाडांना आपटून आलेला वारा घ्यावा लागतो. त्यात ऊर्जा कमी असते असं वाटेल, पण सरासरी वेग तोच धरला तर हिशेब उलटा निघतो. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ६ मीटर असा स्थिर वारा असेल तर घन २१६. तोच वारा निम्मा वेळ ४ नि निम्मा वेळ ८ वाहिला, तर सरासरी वेग ६च, पण घनांची सरासरी २८८. एक तृतीयांश ऊर्जा जास्त!

मग ती हाती का लागत नाही? कारण झोत येतो तोवर चक्कीचं तोंड दुसरीकडे असतं. ते वळेपर्यंत झोत निघून गेलेला असतो. पात्यांनाही वेग घ्यायला वेळ लागतो. विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्यानं वारा सोडतात अशा बोगद्यात, हे तपासायला चक्कीपुढे जाळी लावतात. काही जाळ्यांना मोटरवर फिरणाऱ्या झडपा असतात, त्यांनी हवी तेवढी खळबळ उठवता येते. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यातली एक गोष्ट: छोट्या पात्यावर मंद, शांत हवा लवकर पृष्ठभाग सोडते, खळबळीची हवा जास्त वेळ चिकटून राहते. म्हणजे खळबळ पात्याला मदतही करते.

तरी चक्की घेण्याआधी जागा बघाच. ५०० फुटांच्या आत जे सर्वांत उंच असेल, त्याच्याहून पात्यांचं खालचं टोक ३० फूट वर हवं, असा जुना संकेत आहे. मी जूनमध्ये धाब्याच्या कठड्याला पंधरा फुटी बांबू बांधला, दर तीन फुटांवर लाल फीत. खालची फीत बांबूला गुंडाळून बसली, मधल्या कधी इकडे कधी तिकडे फडफडत होत्या. शेंड्यावरची तेवढी पूर्वेकडे ताणलेली होती, तीही मधूनच हिसका खात होती.