विन्येट वेगळं, टोल वेगळा: नवी गाडी घेऊन आल्प्सकडे निघताना

जर्मनीत गाडी थेट कंपनीच्या दारातून ताब्यात घ्यायची आणि तशीच आल्प्सकडे वळवायची, हा बेत अनेकांच्या मनात असतो. त्यासाठी तिथे खास जागा उभ्या आहेत. वोल्फ्सबुर्गचं आउटोश्टाट २००० मध्ये उघडलं, म्युनिकचं बीएमडब्ल्यू वेल्ट २००७ मध्ये. पहिल्या ठिकाणी काचेच्या उंच मनोऱ्यातून गाडी खाली येते, दुसऱ्या ठिकाणी ती फिरत्या चकतीवर दिव्यांखाली उभी असते. फोटो निघतात, किल्ली हातात येते, आणि म्युनिकहून निघालात तर दीड-एक तासात समोर डोंगर दिसायला लागतात.

तोवर रस्त्याच्या पैशांचा विषय निघतच नाही, कारण जर्मनीत खासगी मोटारीला ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गांवर, काहीही भरावं लागत नाही. असा कर आणायचा घाट तिथल्या सरकारने घातला होता, पण त्याचा बोजा प्रत्यक्षात परदेशी गाड्यांवरच पडणार म्हणून युरोपीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो बाद ठरवला. खरी गडबड सुरू होते ती सीमा ओलांडल्यावर. तिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात: विन्येट आणि टोल.

विन्येट म्हणजे ठरावीक मुदतीत त्या देशाचे महामार्ग वापरायची परवानगी. त्या मुदतीत दहा किलोमीटर जा नाहीतर हजार, पैसे तेवढेच. टोल म्हणजे एका विशिष्ट तुकड्याचे पैसे: अमुक बोगदा, तमुक घाट, किंवा इटलीसारखं चाललेल्या अंतरानुसार. बसचा पास आणि बसचं तिकीट, इतका सरळ हा फरक आहे. पण एवढं कळूनही लोक दंड भरतात. कारण ऑस्ट्रियात महामार्गाच्याच काही तुकड्यांवर पास चालत नाही, तिकीटच काढावं लागतं. आणि जे घाट बघायला तुम्ही एवढ्या लांब आलात, त्यांतल्या बऱ्याच घाटांना यातलं काहीच लागत नाही.

आधी विन्येट. ऑस्ट्रियात ते १९९७ पासून आहे आणि साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना महामार्गांवर व द्रुतगती मार्गांवर सक्तीचं आहे. एक दिवस, दहा दिवस, दोन महिने आणि वर्ष अशा मुदती मिळतात. २०२५ मध्ये मोटारीसाठी एका दिवसाचे ९.३० युरो होते आणि दहा दिवसांचे १२.४०. त्यामुळे येता-जाता दोन्ही वेळा ऑस्ट्रियाच्या महामार्गांवरून जायचं असेल तर एका दिवसाचं घेण्यात फारसा अर्थ नाही; दहा दिवसांचंच घ्यावं. स्वित्झर्लंडमध्ये असली निवड नाही. तिथे फक्त वार्षिक विन्येट, ४० फ्रँकचं. १९८५ मध्ये ते ३० फ्रँकला सुरू झालं, १९९५ पासून ४० वर आहे. मध्ये ते १०० फ्रँक करायचा प्रस्ताव आला होता, पण २०१३ च्या सार्वमतात स्विस लोकांनी तो फेटाळला. आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून पुढच्या वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे एकूण चौदा महिने ते चालतं. एका दुपारसाठी घेतलंत तरी तेवढेच पैसे.

आता दोन्ही एकाच रस्त्यावर कसे येतात ते बघा. म्युनिकहून इटलीतल्या बोल्झानोला जाणारा सगळ्यात सरधोपट मार्ग म्हणजे ब्रेनरची खिंड. जर्मन बाजूला फुकट. ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरल्यावर ए१२ हा महामार्ग लागतो. त्यावर कुफश्टाइन-स्यूड या एक्झिटपर्यंत डिसेंबर २०१९ पासून सूट आहे, पुढे विन्येट हवं. इन्सब्रुकला ए१२ सोडून ए१३ वर, ब्रेनरच्या दिशेने वळलात की विन्येटचं राज्य संपलं: तो अख्खा तुकडा टोलचा आहे. १९६३ मध्ये खुला झालेला, दरीपासून १९० मीटर उंचीवरचा युरोपाब्र्युक हा पूल याच तुकड्यावर आहे. खिंड ओलांडून इटलीत उतरलात की ए२२, आणि तिथे तिसरीच तऱ्हा: शिरताना मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. एका सकाळीत चार पद्धती.

इथे लोक दोन प्रकारे चुकतात. एक म्हणजे, "विन्येट घेतलंय ना, मग परत पैसे कशाचे?" ही चूक स्वस्तात सुटते. टोलनाक्यावर दांडा आडवा असतो, तुम्ही कुरकुरत पैसे देता आणि पुढे जाता. दुसरी चूक महागात पडते: "पुढे टोल भरायचाच आहे, मग विन्येट कशाला?" कारण विन्येटसाठी तुम्हाला कुणीही अडवत नाही. दांडा नाही, खिडकी नाही, माणूस नाही. वर कॅमेरा असतो, अधूनमधून तपासणी असते, आणि आपलं चुकलं हे कधीकधी पत्र घरी आल्यावरच कळतं. स्वित्झर्लंडमध्ये विन्येटशिवाय महामार्गावर सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटची किंमत.

ब्रेनरखेरीज ऑस्ट्रियात असे वेगळ्या टोलचे तुकडे ठरलेले आहेत: ए१० वरचा टाउएर्न, एस१६ वरचा आर्लबेर्ग, ए९ वरचे प्युर्नचे बोगदे, ए११ वरचा कारावांकेन. त्या तुकड्यापुरतं विन्येट लागत नाही, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे बहुधा लागतंच.

नव्या गाडीच्या बाबतीत मात्र याहून नाजूक मुद्दा नंबर प्लेटचा आहे, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. ताब्यात घेतलेली गाडी जर्मनीबाहेर न्यायची असेल तर दोन प्रकारच्या तात्पुरत्या प्लेट समोर येतात. अल्पमुदतीच्या प्लेटवर उजवीकडे पिवळी पट्टी असते, नंबर ०३ किंवा ०४ ने सुरू होतो, आणि ती जास्तीत जास्त पाच दिवस चालते. ती गाडी तपासायला, इकडून तिकडे हलवायला आहे, आणि सगळे देश ती मानतातच असं नाही. निर्यातीच्या प्लेटवर पट्टी लाल असते, शेवटी एकच अक्षर असतं, आणि पट्टीवर दिवस, महिना, वर्ष एकाखाली एक छापलेले असतात. ती तारीख उलटली की प्लेट संपली. आल्प्समध्ये फिरून गाडी देशाबाहेर न्यायची असेल तर लालच घ्या. पिवळीवर खिंडी ओलांडायचा विचारही करू नका, कितीही स्वस्त वाटली तरी.

याचा विन्येटशी थेट संबंध आहे. डिजिटल विन्येट गाडीला लागत नाही, नंबराला लागतं. आज लाल पट्टीच्या नंबरावर वर्षाचं विन्येट काढलंत आणि पुढच्या महिन्यात कायमचा नंबर आला, तर जुन्या नंबरावरचं विन्येट आपोआप नव्यावर उडी मारत नाही. चिकटवायचं विन्येट याच्या उलट: ते काचेला बांधलेलं असतं, खाली प्लेट कुठलीही असो. स्वित्झर्लंडने ऑगस्ट २०२३ पासून दोन्ही प्रकार ठेवले आहेत. ऑस्ट्रिया मात्र २०२७ पासून चिकटवायचा प्रकार बंद करतो आहे, त्यामुळे पुढे तिथे नंबराशिवाय दुसरा आधार उरणार नाही. नंबर अजून बदलायचा असेल तर कमी मुदतीचं घ्या, नाहीतर कायमची प्लेट लागेपर्यंत थांबा. आणि नंबर टाकताना शून्य आणि इंग्रजी ओ यांत गफलत करू नका. देश निवडतानाही लक्ष द्या, कारण तात्पुरती असली तरी प्लेट जर्मनच आहे.

स्टिकरवाल्यांचा घोळ वेगळा. कोरी करकरीत गाडी, काचेवर एक ओरखडा नाही, त्यावर कागद चिकटवायला कुणाचा जीव होत नाही. मग तो डॅशबोर्डवर ठेवला जातो, कागदपत्रांच्या फाइलमध्ये जातो, कुणी कुणी सेलोटेपने टेकवतात. हे सगळं अवैध धरलं जातं, पावती खिशात असली तरी. स्टिकर त्याच्या स्वतःच्या गोंदाने, पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, गडद पट्टीच्या खाली, बाहेरून दिसेल असा लावायचा. दहा दिवसांच्या स्टिकरवर पहिल्या दिवसाची तारीख टोचलेली असते, ती लावण्याआधी बघून घ्या. आणि मागचा कागद टाकू नका; पुढे काच फुटली तर पुरावा म्हणून तोच कामी येतो.

ऑस्ट्रियाच्या डिजिटल विन्येटमध्ये आणखी एक मेख आहे. ग्राहकाला ऑनलाइन खरेदी ठरावीक दिवसांत रद्द करायचा हक्क असल्यामुळे दोन महिन्यांचं आणि वर्षाचं विन्येट ऑनलाइन घेतलं तर ते अठराव्या दिवसापासून लागू होतं. एक आणि दहा दिवसांचं लगेच. आदल्या रात्री हॉटेलात बसून वर्षाचं विन्येट काढणारा माणूस पैसे भरूनही दुसऱ्या दिवशी विन्येटशिवायच असतो. तेच पेट्रोल पंपावर घेतलं तर लगेच चालतं. शिवाय अधिकृत दिसणाऱ्या, पण वर स्वतःचे पैसे लावणाऱ्या विक्रेत्यांच्या साइट शोधयंत्रात सगळ्यात वर दिसतात. ऑस्ट्रियासाठी आस्फिनाग ही महामार्ग कंपनी आणि स्वित्झर्लंडसाठी तिथलं सीमाशुल्क खातं, यांच्याकडूनच घ्या.

हल्ली टोलही विन्येटसारखा दिसायला लागला आहे. ब्रेनरचा टोल आधीच ऑनलाइन भरता येतो. मग कॅमेरा नंबर वाचतो आणि दांडा आपोआप वर जातो. मिलानच्या उत्तरेकडच्या ए३६ वर तर नाकाच नाही: वर कमान, कॅमेरे, आणि पंधरा दिवसांत ऑनलाइन पैसे भरायची जबाबदारी तुमची. इटलीच्या इतर नाक्यांवर पिवळ्या खुणेची लेन टेलेपास, म्हणजे न थांबता टोल भरणारं उपकरण, असलेल्यांची. उपकरण नसताना तीत घुसू नका. उपकरण भाड्याने घेतलं असेल तर आरशामागे काचेवर ठिपक्यांचा काळा भाग असतो, तिथेच लावा. नव्या गाड्यांच्या काचेत ऊन अडवणारा धातूचा थर असतो आणि बाकी काचेतून सिग्नल नीट जात नाही.

हे सगळं झालं महामार्गांचं. घाटांचा हिशेब निराळा आहे, आणि माझ्या मते सहल आखताना तोच आधी करावा.

काही घाट टोलचेच आहेत. ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला: ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, २५०४ मीटरवर होख्टोरची खिंड. त्याचा टोल मोटारीला चाळीस युरोच्या पुढे जातो, रस्ता रात्री बंद होतो, आणि मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतो. विन्येटचा तिथे काही संबंध नाही. पैसे जास्त वाटतात, पण पहाटे पहिल्या गाड्यांत शिरलात तर दिवसभर वर रेंगाळता येतं. टिमल्सयोख, फेल्बरटाउएर्नचा बोगदा हेही वेगळ्या टोलचे. स्वित्झर्लंडमध्ये ग्रेट सेंट बर्नार्डच्या बोगद्याला विन्येट असूनही टोल पडतो. गोटहार्डच्या सतरा किलोमीटर बोगद्याला विन्येट पुरतं. आणि त्याच गोटहार्डच्या डोक्यावरून जाणाऱ्या जुन्या घाटाला काहीच लागत नाही.

इटलीतला स्टेल्व्हिओ घाटही फुकट आहे. २७५७ मीटर उंची, १८२० ते १८२५ मध्ये बांधलेला, प्राड गावाच्या बाजूने ४८ वळणं. वळणांचे आकडे वरून मोजलेले असल्यामुळे चढताना ते उतरत जातात, आणि एकाच्या आकड्यापाशी माथा. मजा अशी की म्युनिकहून तिथपर्यंत विन्येट आणि टोल दोन्ही न भरता जाता येतं. गार्मिशवरून एर्वाल्ड, लेर्मोस, फेर्नपास ओलांडून इम्स्ट. तिथे ए१२ चा मोह टाळून जुन्या रस्त्याने लांडेक गाव, मग नाउडर्स, रेशेन खिंड. खिंडीपलीकडच्या तळ्यात १९५० मध्ये बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. पुढे माल्स, प्राड आणि चढण. वेळ नक्कीच जास्त लागतो, उन्हाळ्यातल्या शनिवारी फेर्नपासवर रांग असते. पण नवी गाडी सुरुवातीचे किलोमीटर ऑटोबानवर ताणण्यापेक्षा अशी बदलत्या वेगाने चालवलेली इंजिनालाही बरी. ब्रेकचं मात्र ध्यानात ठेवा: कोऱ्या गाडीचे ब्रेक पुरते बसायला काहीशे किलोमीटर लागतात, त्यामुळे पहिल्या मोठ्या उतारावर खालचा गिअर टाका.

गाडीच्या नेव्हिगेशनवर यात पूर्ण विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत "टोल टाळा" आणि "विन्येट टाळा" ही दोन वेगळी बटणं असतात. एकच दाबलंत तर तो तुम्हाला खुशाल दुसऱ्यावर नेऊन घालतो. शिवाय ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात सुट्ट्यांच्या काळात शनिवार-रविवारी महामार्ग सोडून गावांतून पळवाट काढणाऱ्या परक्या गाड्यांना काही ठिकाणी बंदी असते. टोल वाचवायला ब्रेनरच्या जुन्या रस्त्यावर उतरायचं असेल तर त्या दिवशीचा नियम आधी बघा.

परतीला स्टेल्व्हिओच्या माथ्याजवळून २५०१ मीटरच्या उम्ब्राइल खिंडीने स्वित्झर्लंडमध्ये उतरा, सांता मारियावरून ओफेनपास, त्सेर्नेत्स, आणि इन नदीच्या काठाने मार्टिना. हा सगळा स्विस टप्पा साध्या रस्त्यांचा आहे, त्यामुळे ४० फ्रँकचं विन्येट लागत नाही. त्सेर्नेत्सजवळून फेराइनाच्या बोगद्यातून गाडी रेल्वेवर चढवून न्यायची ठरवलीत तर त्याचं तिकीट वेगळं. मार्टिनाहून नाउडर्सला चढलात की पुन्हा ऑस्ट्रिया. तोवर कंटाळा आला असेल आणि लांडेकपासून ए१२ ने सरळ घरी सुटायचं असेल तर नाउडर्सला चहाला थांबा, प्लेटवरचा नंबर बघून एका दिवसाचं डिजिटल विन्येट काढा, आणि मग निघा.