बालवयातील दातांच्या तारा आणि रिटेनर

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात वाढत्या वयात जागेवर आणण्याची साधने, आणि जागेवर आलेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून वापरायची साधने, असे दोन्ही प्रकार ऑर्थोडॉन्टिक्स या दंतवैद्यकाच्या शाखेत मोडतात. पहिल्या प्रकारात तारा (ब्रेसेस), काढता-घालता येणाऱ्या प्लेट, टाळू रुंदावणारे स्क्रू, जबड्यांची ठेवण बदलणारी साधने आणि अलाइनर (दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे) येतात, दुसऱ्यात रिटेनर. घरोघरी समजूत अशी, की तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला. पण तारा तोंडात राहतात साधारण दीड-दोन वर्षे, आणि रिटेनरचे काम सुरू होते ते त्यानंतर. बिघडलेल्या बहुतेक उपचारांची गोष्ट या दुसऱ्या टप्प्यात घडते.

दात सरकतो कसा आणि मागे का फिरतो

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब ठेवला, की ज्या बाजूला हा थर चेपतो तिथले हाड झिजू लागते आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवे हाड भरते. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवून हा वेग वाढत नाही. दाब फार झाला तर चेपलेल्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग निर्जीव होतो आणि तो साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. ‘तार जरा जास्त आवळा, म्हणजे लवकर सुटका होईल’ ही पालकांची विनंती डॉक्टर ऐकून घेतात आणि सोडून देतात, ती यामुळे.

जी व्यवस्था दाताला पुढे सरकू देते तीच त्याला मागेही जाऊ देते. तारा काढल्या त्या दिवशी दात बोटाने दाबला तर किंचित हलतो. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागेनुसार जुळायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतल्या कोलॅजेनच्या तंतूंना चार ते सहा महिने. हाडाच्या कडेच्या वर, हिरडीत असलेले लवचीक तंतू मात्र वर्षभरही ताणलेले राहू शकतात. स्वतःभोवती वळलेला दात सरळ केला तर हे तंतू त्याला पुन्हा वळवू पाहतात, म्हणून सगळ्या दोषांत हा दोष परत येण्यात सर्वांत चिवट. नॉर्वेचे संशोधक कारे राइटान यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दात फिरवून २३२ दिवस धरून ठेवल्यावरही हे तंतू ताणलेलेच आढळले. पुढे १९७० मध्ये जॉन एडवर्ड्स यांनी वळवलेल्या दाताभोवतीचे हे तंतू हिरडी बधिर करून कापण्याची छोटी शस्त्रक्रिया मांडली. तिचा उपयोग होतो, पण रिटेनरची गरज तीही टाळत नाही.

याखेरीज वय आपले काम करत असतेच. खालच्या समोरच्या दातांत तिशी-चाळिशीत दाटी होणे हे ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत त्यांच्यातही दिसते, कारण खालच्या दातांच्या कमानीची लांबी वाढत्या वयात कमी होत जाते. याचा दोष सर्रास अक्कलदाढांना दिला जातो. अभ्यासांनी तो आरोप टिकू दिलेला नाही. ज्यांना अक्कलदाढा मुळातच नसतात त्यांचेही दात दाटतात. केवळ पुढचे दात सरळ राहावेत म्हणून अक्कलदाढा काढून घेण्यात अर्थ नाही.

कोणत्या वयात काय

सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते आणि बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे व कायमचे दात एकत्र नांदतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्यावी असे सुचवते. तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हेत. त्या वयात पाहिलेल्या बऱ्याच मुलांना फक्त ‘पुन्हा दाखवायला या’ एवढेच सांगितले जाते, आणि ते योग्यच असते. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या समोरच्या दोन दातांत फट पडते आणि बाजूचे दात बाहेर फाकलेले दिसतात, आईवडील धास्तावतात. हाडात वर चढून बसलेले सुळे शेजारच्या मुळांना टेकत असल्याने असे होते आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की फट बहुधा आपोआप मिटते. तिथे घाईने तार लावणे म्हणजे मुळांना सुळ्यांवर ढकलणे.

लवकर हात घालावा असे प्रसंग मोजके आहेत. वरचा जबडा अरुंद असल्याने वरच्या दाढा खालच्यांच्या आत चावणे, खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येणे, चार वर्षांनंतरही न सुटलेली अंगठा चोखण्याची सवय, आणि पडल्या-झडल्यास आधी तुटतील इतके पुढे आलेले वरचे दात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकून जागा खाते. ती जागा राखण्यासाठी शेजारच्या दाढेला पट्टी आणि तारेचा फास बसवतात. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरले जाणारे साधन असावे, कारण दुधाचे दात ‘पडणारच आहेत’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

साधने

टाळूचे दोन अर्धे भाग मधोमध एका सांध्याने जुळलेले असतात आणि तो सांधा साधारण पौगंडावस्थेपर्यंत उघडता येतो. वरच्या दाढांना घट्ट बसवलेल्या चौकटीच्या मध्यभागी एक स्क्रू असतो. घरचे मोठे माणूस मुलाला प्रकाशाकडे तोंड करून बसवते, बारीक किल्ली स्क्रूच्या भोकात घालून पुढून मागे फिरवते. एका फिरकीला साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत समोरच्या दोन दातांत ठळक फट दिसू लागते. सांधा उघडल्याची ती खूण आहे, आणि ती काही आठवड्यांत पुन्हा मिटते. स्क्रू फिरवणे थांबल्यावर चौकट आणखी काही महिने तशीच ठेवतात, म्हणजे उघडलेल्या जागेत हाड भरते. अमेरिकेत इमर्सन एंजल यांनी हा प्रयोग १८६० मध्येच केला होता. त्यावर तेव्हा कोणी फारसा विश्वास ठेवला नाही, आणि शंभर वर्षांनी अँड्रू हास यांनी तो पुन्हा उपचारात आणला.

खालचा जबडा मागे असलेल्या मुलांसाठी तो पुढे धरून ठेवणारी साधने वाढीच्या वेगाच्या काळात, म्हणजे दहा ते चौदाच्या दरम्यान, वापरतात. त्यांतले ‘ट्विन ब्लॉक’ हे स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केले. वरच्या आणि खालच्या प्लेटवरचे उतरते ठोकळे एकमेकांवर घसरतात आणि तोंड मिटताना जबडा पुढेच घ्यावा लागतो. पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलणे बोबडे होते, मूल वैतागते. साधारण आठवड्यात सवय होते. या साधनांनी जबडा किती वाढतो आणि दातच किती कलतात हा वाद अजून मिटलेला नाही. दिसणारी सुधारणा बरीचशी दातांच्या कलण्याची असते, असे मानणाऱ्यांच्या बाजूने पुरावे अधिक आहेत.

नेहमीच्या तारांमध्ये प्रत्येक दातावर चिकटवलेला छोटा खाचेचा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, आणि त्यातून जाणारी तार असते. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताचे एनॅमल (वरचे कठीण आवरण) आम्लाने खरवडून त्यावर राळ चिकटवण्याची रीत दाखवली, तिच्यामुळे हे शक्य झाले. त्याआधी प्रत्येक दाताला धातूचे कडे घालावे लागे. सुरुवातीच्या तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्या वाकवल्या तरी हळूहळू मूळ आकारात येतात आणि सोबत दाताला ओढून नेतात. ब्रॅकेटभोवती साचलेले अन्न आणि जंतूंचा थर नीट घासला नाही तर दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटतात. तारा निघाल्यावर दात सरळ आणि डागाळलेले, असा निकाल पाहायला मिळतो तो घासण्यातल्या आळसामुळे. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास घालावे लागतात. मूल ते शाळेच्या डब्यात ठेवून विसरणारे असेल तर ब्रॅकेट बरे, कारण ब्रॅकेट काढताच येत नाहीत.

टिकवण्याचा प्रश्न

अमेरिकेचे एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या चुकीच्या चाव्याचे (तोंड मिटताना वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याचे) तीन वर्ग पाडले, आणि ते आजही वापरात आहेत. दात काढून जागा करू नये, सगळे दात कमानीत बसवले की चावा आणि चेहरा त्यांना सांभाळून घेईल, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी या मताने उपचार केलेले रुग्ण परत बोलावून पाहिले, तेव्हा अनेकांचे दात पुन्हा विस्कटलेले दिसले. त्यांनी अशा १०० रुग्णांच्या उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढून फुकट पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये ते समव्यावसायिकांपुढे मांडले. दात काढले म्हणजे प्रश्न सुटला असे मग बराच काळ मानले गेले. ते मत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी मोडले. उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांना रिटेनर बंद होऊन दहा वर्षे झाल्यावर तपासले तेव्हा खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले ३० टक्क्यांहून कमी निघाले (१९८१). वीस वर्षांपर्यंत पाहिले तेव्हा फक्त १० टक्के (१९८८). कोणाचे दात विस्कटतील हे आधी ओळखण्याची खूणही सापडली नाही. ‘वर्ष-दोन वर्षे रिटेनर, मग मोकळे’ हा सल्ला मागे पडला तो या निष्कर्षांमुळे.

या शाखेच्या इतिहासात आणखी एक गमतीची नोंद आहे. १९०८ च्या सुमारास डेन्मार्कचे दंतवैद्य विगो आंद्रेसेन यांनी सुट्टीवर निघालेल्या आपल्या मुलीच्या तारा काढून, दात जागेवर राहावेत म्हणून तिला एक प्लेट दिली. ती परतली तेव्हा चावा आणखी सुधारलेला होता. जबड्याची ठेवण बदलणाऱ्या साधनांची सुरुवात अशी एका रिटेनरमधून झाली. अलाइनरच्या कल्पनेचे मूळही रिटेनरमध्येच सांगितले जाते.

रिटेनर

हॉली रिटेनर हा सर्वांत जुना प्रचलित प्रकार. टाळूला बसणारी अॅक्रिलिकची प्लेट, दाढांना धरणाऱ्या कड्या आणि समोरच्या दातांवरून जाणारी एक तार. चार्ल्स हॉली यांनी तो १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. तो दणकट असतो, सैल झाला तर कड्या आवळता येतात आणि मागच्या दाढा एकमेकांवर नीट बसायला मोकळ्या राहतात. पण तार दिसते आणि उच्चार बदलतो, म्हणून मुलांना पारदर्शक रिटेनर आवडतो. तो दातांच्या साच्यावर तापवलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा ओढून बनवतात. तो लवकर झिजतो, दात खाणाऱ्या मुलांचा तर फारच लवकर. तिसरा प्रकार कायम चिकटवलेला: खालच्या समोरच्या सहा दातांच्या जिभेकडच्या बाजूला पिळलेली बारीक तार. कोणता प्रकार सरस, हे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनाही ठामपणे सांगता आलेले नाही. मूल कोणता नेमाने वापरेल हेच निवडीचे खरे माप.

किती वेळ घालायचा याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. कोणी पहिले काही महिने जेवण सोडून दिवसरात्र सांगतात, कोणी सुरुवातीपासून फक्त रात्री. पुढे रात्रीचा वापर, दात सरळ हवे आहेत तोवर, यावर मात्र आता फारसे दुमत नाही. दोन-चार रात्री खंड पडल्यावर रिटेनर घालताना आवळल्यासारखा लागला, तर तेवढ्यात दात सरकले असे समजावे. अशा वेळी तो पुन्हा रोज घालायचा.

रिटेनर मोडण्यापेक्षा हरवतात जास्त. जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून डबी नेहमी सोबत हवी. गरम पाण्याने पारदर्शक रिटेनर वाकतो. थंड किंवा कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे, टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात. घरात कुत्रा असेल तर रिटेनर उशाशी उघडा ठेवू नये, लाळेच्या वासाने कुत्री तो हमखास चावतात.

चिकटवलेल्या तारेचा धोका वेगळा आहे. ती दिसत नाही, म्हणून विसरली जाते. एका दातावरचा डिंक सुटला तरी तार जागेवरच असते आणि तेवढा एकच दात हळूहळू निसटतो. क्वचित तार पूर्ण चिकटलेली असूनही तिच्यातला पीळ सुटून दात विचित्र दिशेने कलतात, कधी मूळ हाडाबाहेर ढकलले जाण्याइतके. जीभ फिरवताना टोक टोचले, किंवा एखादा दात शेजाऱ्यांपेक्षा पुढे वाटू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. तारेखालून साफ करायला छोटे दातब्रश किंवा दोरा ओवायची सुई लागते. नाहीतर तिथे दातांवर कीटण जमते आणि हिरडी सुजते.

हरवलेला रिटेनर शक्य तितक्या लवकर नवा करून घ्यावा. जुना सापडला पण बसत नसेल तर तो जोराने दाबून बसवू नये. त्याने दात दुखतो आणि रिटेनर तडकतो. किरकोळ सरकलेले दात काही महिन्यांच्या अलाइनरने किंवा थोड्या काळच्या तारांनी परत आणता येतात, आणि त्यानंतर रिटेनर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.