बेळगावची मराठी मंडळी: फेलोशिप, बाप्तिस्मा आणि लग्नाचा कागद

तरुण पोरं मंडळीतली (चर्चमधली) रविवारची ठरलेली उपासना सोडून फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र पास्टरच्या प्रार्थनागटाला, जातात, तिथे कीबोर्ड आणि ड्रमवर तासभर आराधना चालते, आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेला असूनही ती पुन्हा बुडवून घेतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पाळकांची आजच्या ख्रिस्ती प्रवाहांबद्दलची तक्रार या तीन गोष्टींभोवती फिरते. पहिल्या दोन वाटतात तेवढ्या नव्या नाहीत. तिसरी मात्र थेट लग्नाच्या कागदापर्यंत जाते.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये सुरू केलं. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी इथेच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये सोसायटीने बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या हवाली केलं. लंडन मिशनची घडण मुख्यतः काँग्रिगेशनल, म्हणजे कारभार मंडळीच्या हाती. मेथडिस्टांत पाळकाची नेमणूक आणि बदली बिशप करतो. सीमाभागात अडतं ते इथे. बदलीवर आलेला पाळक कानडीत वाढलेला असला तर मराठी उपदेश कागदावरून वाचावा लागतो, आणि भाषा जिभेवर बसेपर्यंत पुढची बदली येते. फेलोशिपचा पास्टर गल्लीतलाच, त्याला बदली नाही. पोरं संगीताला भुलली म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

तसं संगीतही कितीदा बदललंय. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी विलायती चालींच्या गीतांशेजारी अभंग-भजन आणून बसवलं, आणि आज तेच ‘आपलं जुनं’ वाटतं. सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करणं, अन्य भाषा बोलणं (प्रार्थनेच्या भरात अनोळखी भाषेत बोलणं) याला ‘अमेरिकन खूळ’ म्हणतात. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली जागृती, म्हणजे अशाच प्रार्थनेची लाट, १९०५ ची. या पद्धतीचा उगम म्हणून सांगितली जाणारी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची त्यानंतरची, १९०६ ची. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स तर मूळच्या मेथडिस्ट मिशनरी!

बाप्तिस्म्याचा वाद तात्त्विक आहे, पण घोळ नोंदीचा होतो. मेथडिस्ट पद्धतीत बाळाचा बाप्तिस्मा, समजत्या वयात दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), मग पूर्ण सभासदत्व. प्रत्येक पायरी नोंदवहीत चढते. फेलोशिपमध्ये विश्वास कबूल करून पाण्यात बुडणं हाच बाप्तिस्मा, आधीचा धरत नाहीत, आणि नोंद ठेवलीच जाते असं नाही. काहींना ते सोयीचंही पडतं: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. मग दर रविवारी येणारा विश्वासी कागदावर ख्रिस्ती नसतो.

हे सगळं लग्नाच्या वेळी अंगावर येतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न लावण्याचा अधिकार प्रत्येक पास्टरला दिलेला नाही. बिशपच्या हस्ते दीक्षा झालेले वगैरे सोडले तर राज्य सरकारचा परवाना लागतो, तोही त्या राज्याच्या हद्दीपुरता. चंदगड-गडहिंग्लजचा पास्टर महाराष्ट्राच्या परवान्यावर निपाणीत लग्न लावतो, तेव्हा चूक होते ती हीच. अधिकार नसलेल्याने लावलेलं लग्न रद्दबातल ठरतं आणि लावणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. पासपोर्ट किंवा वारसाहक्काला दाखला लागला की कळतं.

म्हणून हॉल ठरवण्याआधी परवान्याची प्रत मागावी आणि त्यावरचं राज्य पाहावं. पास्टरला लेखी सूचना द्यावी, दोन साक्षीदार ठरवावेत. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मधलीच धरावी. वरातीला उशीर झाला की इथेही गडबड होते. परवाना नसेल तर विवाह निबंधकाकडे जावं, किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी. नोंदणी झाल्यावर फेलोशिपमध्ये आशीर्वादाची प्रार्थना घेण्याला कुणाची हरकत नाही.