द्राब्बे, पेत्रुस

द्राब्बे, पेत्रुस : (१८८७–१९७०). पापुआन (न्यू गिनी परिसरातील, ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या) व ऑस्ट्रोनेशियन भाषांचे डच अभ्यासक आणि कॅथलिक मिशनरी धर्मगुरू. जन्म नेदरलँड्समधील हायनो येथे. १९१५ पासून वीस वर्षे त्यांनी तनिंबर बेटांवर (आता इंडोनेशियात) काढली. तेथील फोर्दाता व यामदेना या ऑस्ट्रोनेशियन भाषांची व्याकरणे १९२६ मध्ये, शब्दकोश १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३५ मध्ये ते डच न्यू गिनीत (आता इंडोनेशियातील पापुआ) गेले आणि तिथे कामोरो, एकागी, मारिंद, आस्मत, आघू अशा एकाहून एक अवघड पापुआन भाषा त्यांनी नोंदवल्या.

मारिंदचे त्यांचे व्याकरण १९५५ चे. या भाषेत लिंग शब्दातल्या स्वरावर दिसते : अनेम म्हणजे पुरुष, अनुम स्त्री, अनिम माणसे. दर्शक शब्दही (‘तो’, ‘ती’ यांसारखा) सोबत बदलतो : एपे अनेम, उपे अनुम, इपे अनिम. नामांचे वर्ग चार. पुरुषांचा एक, स्त्रिया आणि बहुतेक प्राणी मिळून दुसरा. उरलेल्या दोन वर्गांत मुख्यतः वस्तू येतात. एखादे झाड किंवा हत्यार या दोन वर्गांपैकी कशात जाईल हे अर्थावरून नेहमी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक नाम दर्शक शब्दासकट लिहून घ्यावे लागते. नुसती शब्दयादी इथे निम्मीच उपयोगी.

आघू ज्यात मोडते त्या अव्यू गटातल्या भाषांत खरी कसोटी क्रियापदाची. ‘तू’ आणि ‘तो’ यांना एकच रूप, ‘मी’ला वेगळे, अनेकवचनातही तीच विभागणी. मलय ही तिथली संपर्कभाषा, आणि तिच्यात क्रियापद पुरुषानुसार (मी, तू, तो यांनुसार) बदलत नाही. त्यामुळे मलय वाक्य देऊन भाषांतर मागितले, तर कोणत्या रूपात काय भेद आहे ते हाती लागत नाही. एकेक रूप मुद्दाम विचारावे लागते, मग ते बोलत्या मजकुरात ताडून पाहावे लागते. कृतींची साखळी सांगताना कर्ता तोच आहे की बदलला, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. सुट्या वाक्यांत ही गोष्ट दिसतच नाही. द्राब्बे यांनी व्याकरणासोबत भाषकांचे मजकूर छापले, आणि त्यांच्या कामाचे मोल मुख्यतः यातच आहे. ध्वनींची त्यांची मांडणी पुढच्या संशोधकांना नव्याने तपासावी लागली; हे मजकूर मात्र आजही विश्लेषणाला पुरतात.

बहुतेक लेखन डचमध्ये असल्याने ते दीर्घकाळ मोजक्याच अभ्यासकांपर्यंत पोचले. काएती आणि वांबोन या भाषांवरचा त्यांचा ग्रंथ (१९५९) बृहद्-अव्यू कुळाच्या (अव्यू गट ज्यात येतो त्या) अलीकडच्या तौलनिक अभ्यासातही वापरला गेला आहे.